हरवलेला हातचा

एक घ्या. त्यात त्याच्याच अंकांची बेरीज मिळवा, दोन झाले. दोनात दोन, चार. मग आठ, सोळा. सोळाच्या अंकांची बेरीज सात, म्हणून पुढचं पद २३. मग २८, ३८, ४९, ६२, ७०, ७७, ९१, १०१. तिसरी-चौथीतल्या मुलाला वहीत करता येईल अशी ही मालिका. या मालिकेतलं १,००,००,००,००,००,००,०००वं पद कोणतं, हा प्रश्न माझ्या भाचीने डिसेंबरात हाती घेतला. ती नाशिकमध्ये अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, देवळालीत लॅम रोडवर आमच्याकडेच राहते. मी संध्याकाळी मुलांना कोडिंग शिकवतो, त्यामुळे तिचे असले प्रश्न जेवणाच्या टेबलावर येतात.

हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण तिचा कोड नीट होता, केलेल्या सगळ्या तपासण्या पार पडल्या होत्या आणि तरीही उत्तर चूक होतं. असा प्रसंग शिकणाऱ्याच्या वाट्याला लवकर येत नाही, आणि आला तरी बहुतेकदा कळत नाही.

प्रश्न आमच्याकडे आला तो योगायोगाने नाही. ही मालिका देवळालीचीच आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, फर्ग्युसन कॉलेजात असताना १९२७ मध्ये त्यांना गणितासाठीचं रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं आणि १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते इथे शाळेत शिकवत होते. १९८६ मध्ये देवळालीतच त्यांचं निधन झालं. ६१७४ हा त्यांचा स्थिरांक पुष्कळांनी ऐकलेला असतो. संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवत जाण्याचा त्यांचा ध्यास मात्र कमी लोकांना ठाऊक आहे. ज्या संख्येपर्यंत अशी बेरीज करून कुठूनच पोहोचता येत नाही, तिला ते स्वयंभू म्हणत. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२ या स्वयंभू. वीस तपासून पाहा: चौदातून १९ निघतात, पंधरातून २१, वीस कशातूनच निघत नाहीत. या संख्यांना 'देवळाली संख्या' असंही नाव आहे, आणि मला त्याचा फार अभिमान वाटतो. १९७५ साली अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या गणिताच्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिलं, तेव्हा जगाचं लक्ष इकडे वळलं. तोपर्यंत हा माणूस कागद-पेन्सिल घेऊन, बहुतेक एकट्यानेच, आकडेमोड करत होता.

१७ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस. भाचीला कॉलेजात त्या दिवशी एक तक्ता लावायचा होता. मी तिला भास्कराचार्यांच्या मोजणीतली नावं सांगितली होती: कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य. एकावर पंधरा शून्यं म्हणजे अंत्य. तिला ते नाव आवडलं आणि 'अंत्यावं पद' काढायचं ठरलं.

पहिल्या दिवशी तिने सरळ कोड लिहिला. पायथन भाषेत पाच-सहा ओळी: संख्या घे, अंक सुटे कर, बेरीज मिळव, पुन्हा. दहा लाखावं पद आलं ३,१०,५४,३१९. वेळ लागला साधारण एक सेकंद.

"मामा, हे तर झालंच. आता फक्त आकडा मोठा घालते."

"घाल. पण आधी वेळेचा हिशेब कर."

तिने केला. सेकंदाला दहा लाख पदं धरली तर अंत्याव्या पदाला शंभर कोटी सेकंद लागतात, म्हणजे ३१ वर्षांहून जास्त. कापरेकरांची शाळेतली सगळी नोकरी जवळपास तेवढीच. सी भाषेत लिहून सेकंदाला दहा कोटी पदं काढली तरी ११५ दिवस. तक्ता लावायला महिना उरला होता. यंत्र वेगवान करून हा प्रश्न सुटत नाही, चालण्याची रीत बदलावी लागते.

रीत तिला तीन दिवसांनी सुचली, आणि ती पूर्णपणे तिची आहे. मी फक्त एवढंच म्हटलं होतं की दोन वेगळ्या मोठ्या संख्या शेजारी मांड आणि दोन्ही पुढे चालव. तिने वहीत हे लिहिलं होतं:

५२,००६ → ५२,०१९ → ५२,०३६ → ५२,०५२
७०,००६ → ७०,०१९ → ७०,०३६ → ७०,०५२

डावीकडे ५२ आणि ७०, दोन्हींच्या अंकांची बेरीज सात. उजवीकडे दोघांचे शेवटचे तीन अंक सारखे, ००६. म्हणून दोन्ही वाटा पावलाला पाऊल लावून चालतात, उजवे तीन अंक भरून वाहेपर्यंत. डावीकडे नेमकी कुठली संख्या आहे याच्याशी चालीला देणंघेणं नाही. तिला हवी असते फक्त डाव्या अंकांची बेरीज आणि उजवे अंक. मग एकदा चाललेली वाट पुन्हा कशाला चालायची? "डावी बेरीज ७, उजवे ००६: इतक्या पावलांत हजार ओलांडले, उरले इतके" अशी नोंद ठेवायची, आणि पुन्हा तीच जोडी आली की उडी मारायची.

याहून मोठी गोष्ट त्यातच दडलेली आहे. हजार ओलांडल्यावर उजवीकडे जे उरतं ते लहानच असतं, कारण शेवटचं पाऊल अंकांच्या बेरजेएवढंच असतं आणि सतरा आकडी संख्येच्या अंकांची बेरीज जास्तीत जास्त १५३. म्हणजे वेगवेगळ्या जोड्या फार नाहीत, एका पातळीवर, म्हणजे उजवे अंक किती धरायचे ते ठरवल्यावर, फार तर पंचवीस हजारांच्या आसपास. हजाराच्या दहा उड्या जोडल्या की दहा हजारांची उडी, तशा दहा जोडल्या की लाखाची. याच क्रमाने परार्धापर्यंत, म्हणजे एकावर सतरा शून्यांपर्यंत, जाता येतं. कोडचा सांगाडा मराठीत मांडला तर असा दिसतो:

उडी(पातळी, डावी_बेरीज, उजवे):
    ही जोडी आधी आली असेल तर नोंदीतलं उत्तर दे
    पातळी सर्वांत खालची असेल तर
        उजवे भरून वाहेपर्यंत एकेक पाऊल चाल
    नाहीतर
        अंक ० ते ९ पाळीपाळीने घे
            उडी(पातळी − १, डावी_बेरीज + अंक, उजवे)
            पावलं मिळवत जा, उरलेले उजवे पुढच्या उडीला दे
    पावलं आणि उरलेले उजवे नोंदवून परत दे

मुख्य कोड वरच्या पातळीवरून सुरू होतो. उडी मारल्यावर पावलं ठरलेल्या आकड्याच्या पुढे जात नसतील तर मारतो, जात असतील तर एक पातळी खाली उतरतो. अगदी तळाशी आल्यावर उरलेली थोडी पावलं एकेक करून चालतो. पहिलं पद १ आपल्या हातात असतंच, म्हणून पावलं अंत्याहून एक कमी मोजायची. ही एकची चूक तिने केली होती, पण दहावं पद वहीतल्या ६२ शी जुळेना म्हणून पाच मिनिटांत सापडली.

कोड काही सेकंदांत चालला. ३१ वर्षांचं काम चहा गाळेपर्यंत झालं. तिचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा होता.

तिने तपासणीही चांगली केली होती, हे मला आवर्जून सांगायचं आहे. दहावं, शंभरावं, हजारावं, दहा लाखावं पद साध्या कोडशी जुळवलं, सगळी जुळली. मग जेवायला बसताना तिने साधा कोड अब्जाव्या पदासाठी लावून ठेवला. मामीने पोळ्या करून आम्हाला वाढेपर्यंत, सतरा-अठरा मिनिटांत, तोही संपला आणि अब्जावं पदही उडीच्या कोडशी अंकाला अंक जुळलं. शंभर कोटी पदं बरोबर आली म्हटल्यावर आणखी काय हवं?

मी म्हटलं, ताळा कर.

आम्ही शाळेत असताना मोठ्या गुणाकाराचा ताळा नऊने बघायचो. कुठलीही संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना नऊने भागलं तर बाकी सारखीच राहते. या मालिकेत आपण संख्येत तिचीच अंकबेरीज मिळवतो. नऊच्या हिशेबात बघितलं तर संख्येत तीच संख्या मिळवल्यासारखं झालं, म्हणजे प्रत्येक पावलाला बाकी दुप्पट होते. १, २, ४, ८, मग १६ ची ७, १४ ची ५, १० ची पुन्हा १. सहा बाक्यांचं चक्र: १, २, ४, ८, ७, ५. मालिकेतल्या कुठल्याही पदाची नऊने येणारी बाकी त्याच्या क्रमांकावरून पद न काढताच सांगता येते. क्रमांकाला सहाने भागा. दहाच्या कुठल्याही घाताला सहाने भागलं की बाकी ४ राहते, आणि चक्रात चौथ्या जागी ८ आहे. दहा लाखावं पद घ्या: ३+१+०+५+४+३+१+९ म्हणजे २६, आणि २६ ला नऊने भागून बाकी ८. बरोबर.

अंत्याव्या पदाचीही बाकी ८ यायला हवी. तिने सतरा अंकांची बेरीज केली. आठ येईना. पुन्हा केली. येईना.

"मामा, तुझा ताळा चुकत असेल. माझं अब्जापर्यंत सगळं जुळलंय."

अब्जापर्यंतची पडताळणी हातात असताना कुणालाही असंच वाटेल. पण ताळ्याला अंतर नसतं. तो दहाव्या पदाला जसा लागतो तसाच अंत्याव्या पदाला लागतो, कारण तो मालिकेच्या घडणीतूनच आलेला आहे. साधा कोड जिथवर पोहोचू शकला तिथवरचीच त्याची साक्ष. पुढच्या, नऊ लाख नव्व्याण्णव हजार पटींहून मोठ्या पट्ट्याबद्दल त्याने काहीच सांगितलेलं नव्हतं.

मग शोध सुरू झाला. आधी आकड्याच्या मर्यादेचा संशय. सी भाषेत लिहिणाऱ्यांना बत्तीस बिटांची मर्यादा नडते, पण पायथनमध्ये पूर्णांक हवा तेवढा मोठा होतो, आणि सतरा आकडी संख्या चौसष्ट बिटांतही आरामात बसते. ते बाद. मग नोंदींचा संशय: दोन वेगळ्या जोड्या एकाच नावाने तर ठेवल्या जात नाहीत? तेही नीट होतं. मग तिने एक शहाणपणाचं काम केलं. दहाच्या प्रत्येक घाताव्या पदाची नऊने बाकी काढत गेली. सगळीकडे ८ यायला हवी होती. अब्जापर्यंत ८ होती. पुढे कुठेतरी ती घसरत होती.

म्हणजे बिघाड मोठ्या संख्यांतच होता. मोठ्या संख्यांत असं काय असतं जे लहानांत नसतं? ती बराच वेळ गप्प बसली. थंडी चांगलीच पडली होती, शाल गुंडाळून ती वहीत बारा नऊ लिहून त्यांच्याकडे बघत होती.

९९९९९९९९९९९९. अंकांची बेरीज १०८. मिळवली तर १०,००,००,००,००,१०७.

तिच्या कोडमध्ये सर्वांत खालची पातळी दोन अंकांची होती, म्हणजे शंभराची. वर मी हजार म्हटलं ते दुरुस्तीनंतरचं, आणि तिच्या वहीतलं उदाहरणही तीन अंकांचं होतं. कोड लिहिताना तिला वाटलं की शंभर पुरे, नोंदी कमी होतील. उजवे अंक ९९, त्यात १०८ मिळवले, २०७ झाले. इथे हातचा दोन. पण कोडने २०७ ला शंभराने भागून बाकी ०७ ठेवली आणि डावीकडे नेहमीप्रमाणे एकच पाऊल पुढे टाकलं. हातचा दोन आला होता, धरला एक. उत्तर आलं १०,००,००,००,००,००७. शंभर हरवले. अंकांची बेरीज करून बघा: खऱ्या उत्तराची ९, तिच्या उत्तराची ८. नऊने भाग जाणाऱ्या संख्येत तिची बेरीज मिळवली तर नऊने भाग जायलाच हवा. ताळ्याने नेमका हाच हातचा पकडला होता, कारण शंभर हरवले की नऊच्या हिशेबात एक हरवतो.

आता खालची गोष्ट जरा थांबून बघण्यासारखी आहे. उजवे दोन अंक जास्तीत जास्त ९९. हातचा दोन यायला बेरीज २०० व्हायला हवी, म्हणजे संख्येच्या अंकांची बेरीज किमान १०१. अकरा आकडी संख्येच्या अंकांची बेरीज फार तर ९९. म्हणून बारा आकडी संख्या येईपर्यंत ही चूक होऊच शकत नाही. अब्जावं पद अकरा आकडी आहे. तिने जेवताना चालवलेली शंभर कोटी पदांची तपासणी, आणि त्याआधीच्या सगळ्या, अशा पट्ट्यात होत्या जिथे हा दोष जन्मालाच येत नाही. तपासणी अपुरी होती असंही म्हणवत नाही. घरच्या यंत्रावर एका संध्याकाळी जेवढं करता येईल तेवढं तिने केलं होतं. शंभर कोटी उदाहरणं जुळली तरी कोड बरोबर ठरला नव्हता, हे मी त्याआधी इतकं स्पष्ट कधी पाहिलं नव्हतं.

दुरुस्ती एका आकड्याची. खालची पातळी दोनाऐवजी तीन अंकांची केली. आता उजवे फार तर ९९९, आणि अठरा आकडी संख्येची अंकबेरीज फार तर १६२. दोन्ही मिळून ११६१. दोन हजारांच्या खूप आत, म्हणून हातचा नेहमी एकच. हा हिशेब तिने कोडच्या वर टिपणीत लिहिला. माझ्या मते त्या फाइलमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच. मग खात्रीसाठी खालची पातळी चार अंकांची करूनही कोड चालवला. दोन्ही उत्तरं एकच आली. सतरा आकडी, नऊने बाकी ८.

ते उत्तर मी इथे छापत नाही. ज्याला हे करून बघायचं आहे त्याच्याकडे दहा लाखावं पद आहे आणि नवाचा ताळा आहे, तेवढं पुरतं. उत्तर आधी हातात असलं की माणूस ताळा करत नाही.

शिकवणाऱ्यांसाठी एक गोष्ट नोंदवतो. मी वर्गात मुलांना सांगत आलो होतो की वेगवान कोड लिहिला की तो संथ, साध्या कोडशी लहान आकड्यांवर जुळवून पाहा. ते मी आजही सांगतो. पण आता त्याच्या जोडीला विचारतो: या कोडमध्ये "हे नेहमी याहून लहान असतं" असं तुम्ही कुठे कुठे धरून चालला आहात? ती जागा दाखवा, आणि शेवटच्या आकड्यालाही ते खरं राहतं का, ते कागदावर दाखवा. मुलं सुरुवातीला कंटाळतात. भाचीची वही दाखवली की कंटाळत नाहीत.

तक्ता वेळेवर लागला. वर कापरेकरांचं नाव, मध्ये बारा नऊ आणि हरवलेले शंभर लाल शाईने, खाली अंत्यावं पद. एका कोपऱ्यात तिने मालिकेचे ओघ काढले होते. कापरेकरांना या संगमांचंही कुतूहल होतं. ९१ मध्ये १० मिळवले तरी १०१, शंभरात १ मिळवला तरी १०१, दोन ओघ तिथे मिळतात आणि पुढे एकच वाहतात. नासर्डी गोदावरीला मिळाली की पुढे तिचं पाणी वेगळं काढता येत नाही, तसंच. उड्यांचा कोडही त्याच गोष्टीवर चालतो, दोन वाटा एकदा सारख्या झाल्या की सारख्याच राहतात. सातापासून निघालेला ओघ एकाच्या ओघाला १०७ वर मिळतो, ते तिने आधीच शोधलं होतं.

आदल्या रात्री ती पाचाचा ओघ हाताने काढत बसली होती. कोड लिहायचा नाही, असं तिनेच ठरवलं होतं. ५, १०, ११, १३, १७, २५... शेजारी एकाचा ओघ. दोनशे गेले, तीनशे गेले, दोन्ही रांगा एकमेकांच्या आजूबाजूने जात राहिल्या. मी दिवा मालवायला आलो तेव्हा ती म्हणाली, "थांब रे मामा. ५०८, ५२१, ५२९, ५४५, ५५९, ५७८, ५९८." पलीकडच्या रांगेवर बोट गेलं: ५८७, ६०७. दोन्हीकडे पुढचं पद ६२०.

"मिळाली!" मग जरा वेळाने, "आणि तिनाची?"

मी काही बोललो नाही. तिने वहीच्या कडेला तिनाच्या ओघाच्या बाक्या लिहिल्या: ३, ६, ३, ६. वरती एकाच्या: १, २, ४, ८, ७, ५.

"ही कधीच नाही मिळणार," ती म्हणाली आणि तक्त्यावर तिनाची रेघ शेवटपर्यंत वेगळी ओढली.